माळवदाचं घर, पण स्पेनमधलं: आल्पुहाराच्या डोंगरात घर भाड्याने घेऊन राहायचं असेल तर

माझं आजोळ मराठवाड्यातलं. तिथल्या जुन्या वाड्याला माळवद होतं, म्हणजे जाड तुळया, त्यावर लाकडं, त्यावर चिपाडं आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आम्ही सगळी मुलं त्याच मातीच्या छतावर झोपायचो. तो वाडा पडून आता पंधरा वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या डोंगरातल्या बुबियोन नावाच्या गावात आम्ही एक घर भाड्याने घेतलं, पहिल्या रात्री आई पलंगावर आडवी झाली, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं माळवद!" आणि खरंच तसंच होतं, तुळया चेस्टनटच्या, त्यावर वेळू आणि सपाट दगड, आणि वर राखाडी रंगाची माती.

हा लेख लिहायचं कारण हेच. अशी घरं इंटरनेटवर "व्हिला" म्हणून दिसतात, फोटो बघून माणूस भाळतो आणि हॉटेल समजून जातो. आमच्या ज्या काही अडचणी झाल्या त्या सगळ्या घराला हॉटेल समजल्यामुळे झाल्या, आणि जो आनंद मिळाला तो घराला घर समजल्यावर मिळाला. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, अडुसष्ट वर्षांची आई आणि नऊ वर्षांची लेक, आठ रात्री. तेव्हा खाली जे लिहितेय ते अशा कुटुंबाच्या हिशोबाने लिहितेय.

आधी गाव ठरवा, घर नंतर

आल्पुहारा म्हणजे ग्रानादा शहराच्या दक्षिणेला, सिएरा नेवादा डोंगराच्या दक्षिण उतारावरचा भाग. तिथं पोकेइरा नावाची खोल दरी आहे आणि दरीच्या एकाच अंगाला एकावर एक तीन पांढरी गावं आहेत: खाली पांपानेइरा साधारण १०५० मीटरवर, मध्ये बुबियोन १३०० च्या आसपास आणि सगळ्यात वर कापिलेइरा १४३६ मीटरवर. आपलं महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. फक्त पाऊस तसा नाही, हवा कोरडी, आणि दरीच्या टोकाला बर्फाचे डोंगर.

पांपानेइरात दुकानं, खाणावळी, चौक, सगळं हाताशी, पण दिवसा टुरिस्ट बसेस येतात आणि दुपारी गल्ल्या भरून जातात. संध्याकाळी त्या गेल्या की गाव परत शांत. कापिलेइरा ट्रेकिंगवाल्यांचं, वर जायच्या वाटा तिथून सुटतात आणि जेवायच्या जागाही बऱ्यापैकी आहेत. बुबियोन दोघांच्या मधलं आणि तिघांत सगळ्यात शांत, दुकानं अगदी मोजकी. आम्ही बुबियोन निवडलं आणि पुन्हा गेलो तरी तेच निवडीन, पण गाडी चालवायची नसेल तर मात्र पांपानेइरा घ्या, रोजच्या गरजा चालत भागतात. पलीकडे त्रेवेलेस आहे, ते मीठ लावून डोंगरी हवेत वाळवलेल्या डुकराच्या मांडीसाठी, म्हणजे हामोनसाठी प्रसिद्ध. शाकाहारी माणसाला तिथं मुक्काम करण्यासारखं विशेष काही नाही, एक दिवस जाऊन यावं.

अजून एक फरक आधीच समजून घ्या. गावातलं घर वेगळं आणि कोर्तिहो वेगळा. कोर्तिहो म्हणजे शेतावरचं घर, आपल्याकडचं मळ्यातलं घर म्हणतो ना तसं. फोटोत कोर्तिहो फार सुंदर दिसतात, स्विमिंग पूल, बदामाची झाडं, सगळं असतं, पण तिथं पोचायला कच्चा रस्ता असतो, दूध संपलं तर गाडी काढावी लागते आणि भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स कच्च्या रस्त्यावर बऱ्याचदा चालत नाही. पहिल्यांदा जाताय तर गावातलंच घर घ्या.

कधी जायचं

एप्रिलचा शेवट ते जून, किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ऑगस्टमध्ये आणि ईस्टरच्या आठवड्यात स्पेनमधलेच लोक भरपूर येतात. तसंच ६ आणि ८ डिसेंबर या दोन्ही सुट्ट्या असतात, त्याला लागून लोक सुट्ट्या टाकतात आणि घरं महिनोन्महिने आधी बुक होतात. आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटी चेस्टनट मिळाले, गल्लीगल्लीत भाजल्याचा वास, आणि १ नोव्हेंबरच्या सुमाराला माउराका नावाचा चेस्टनट भाजायचा सोहळाच असतो, आपल्या हुरडा पार्टीसारखा. दिवसा स्वेटरशिवाय फिरलो आणि रात्री दोन दोन पांघरुणं घेतली. थंडीत गेलात तर बर्फ दिसेल पण आईवडिलांना घेऊन तेव्हा जाऊ नका, दगडी उतार गोठलेले असतात.

घराची जाहिरात वाचताना

इथं घाई करू नका, मी तीन आठवडे घालवले. आधी ही घरं अशी का आहेत ते कळलं तर फोटो नीट वाचता येतात. हा भाग शेकडो वर्षं मुस्लिम राजवटीखाली होता, १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यावर शेवटचा सुलतान बोआबदिल आधी याच आल्पुहारात येऊन राहिला. मागे राहिलेल्या मुस्लिमांना धर्म बदलायला लावला, त्यांना मॉरिस्को म्हणत, त्यांनी १५६८ मध्ये उठाव केला, तो मोडून काढल्यावर त्यांना इथून हाकललं आणि उत्तरेकडून दुसरे लोक आणून वसवले. माणसं बदलली पण घरांची पद्धत तीच राहिली, आणि ती पद्धत मोरोक्कोच्या डोंगरातल्या बर्बर लोकांच्या घरांसारखी आहे. सपाट छप्पर, त्याला तेर्राओ म्हणतात, आणि त्यावरच्या राखाडी चिकणमातीला लाउना. ही लाउना पाणी झिरपू देत नाही. जुनी माणसं सांगतात की ती कृष्ण पक्षातच, चंद्र उतरणीला असताना पसरायची म्हणजे गळत नाही. छतावर टोपी घातल्यासारखी गोल धुराडी असतात, आणि कधी कधी घराची एखादी खोली चक्क गल्लीच्या वरून पलीकडे जाते, खाली सावलीचा बोळ तयार होतो, तो तिनाओ. पावसात शेजारणी त्याच तिनाओत उभ्या राहून बोलताना दिसतात.

आता याचा राहण्याशी संबंध काय? सगळाच. भिंती जाड म्हणजे घर उन्हाळ्यात गार, पण ऑक्टोबरनंतर आतून थंडगार, एकदा गार झालं की तापायला दीड दोन दिवस लागतात. खिडक्या लहान म्हणजे खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लागतो. डोंगराच्या उतारावर बांधलेलं म्हणजे घर तीन पातळ्यांत, झोपायची खोली खाली, स्वयंपाकघर मध्ये, गच्ची वर, आणि मधले जिने उभे, कठडा असेलच असं नाही. दारं बुटकी, माझा नवरा सहा फूट आहे, त्याच्या कपाळाने दोन दिवस घर मोजलं.

म्हणून मालकाला मेसेज करून हे विचाराच, आणि प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका:

- गाडी जिथं थांबते तिथून दारापर्यंत किती मीटर आणि किती पायऱ्या? (आम्हाला "जवळच आहे" असं उत्तर आलं होतं. जवळच होतं, पण सत्तेचाळीस पायऱ्या खाली.)
- म्हाताऱ्या माणसाची खोली आणि बाथरूम एकाच मजल्यावर आहे का?
- घर तापवायला काय आहे: लाकडाची शेगडी, पेलेटची (म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांची) शेगडी, का विजेचे हीटर? लाकूड भाड्यात धरलंय का वेगळे पैसे?
- गरम पाण्याची टाकी किती लिटरची?
- विजेचा मंजूर भार किती किलोवॉट? हा प्रश्न कुणी विचारत नाही, का विचारायचा ते पुढे सांगते.
- आतमध्ये मोबाईलला रेंज येते का? एवढ्या जाड भिंतींत बऱ्याचदा नसते, वायफायवरून कॉल करावे लागतात.

जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. आन्दालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या राज्यात येतं तिथं, पर्यटकांना घर द्यायचं तर सरकारी नोंद लागते, क्रमांक व्हीएफटी, व्हीयूटी किंवा व्हीटीएआर अशा अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे ग्रानादा जिल्ह्याचं जीआर असतं. व्हीटीएआर म्हणजे ग्रामीण भागातलं पर्यटक घर. क्रमांक नसेल तर ते घर सोडून द्या, व्हिसाच्या कागदात अशा घराचं पत्र जोडायचं म्हणजे उगाच जिवाला घोर.

आणि फोटोंत एकदा छत शोधा. तुळया, वेळू, दगड दिसतायत का? बऱ्याच नव्या घरांत वर काँक्रीट आणि खाली शोभेची लाकडं असतात. राहायला ती वाईट नाहीत, उबदारही असतात, पण तुम्ही त्या जुन्या घरासाठी एवढ्या लांब जाताय तर जुनंच घ्या.

व्हिसा आणि कागद

स्पेनचा शेंगेन व्हिसा भारतात बीएलएस या कंपनीच्या केंद्रातून होतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून तीन महिने आधी लागा. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांची ४५, शिवाय केंद्राचे सर्व्हिस चार्जेस वेगळे. मेडिकल इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा हवा.

भाड्याच्या घरासाठी खास गोष्ट अशी की हॉटेलचं व्हाउचर असतं तसं इथं आपोआप मिळत नाही. बुकिंगच्या कागदावर बहुतेक वेळा एकाचंच नाव येतं. मालकाकडून एक पत्र मागून घ्या ज्यात घराचा पूर्ण पत्ता, नोंदणी क्रमांक, तारखा, आणि राहणाऱ्या सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच असतील. फुकट रद्द होणारं बुकिंग घ्या, व्हिसा हातात आला की मग पक्कं करा.

गाडी चालवायची तर आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा, दोन्ही लागतात.

पोचायचं कसं

मालागा किंवा ग्रानादा, यापैकी एक गाठायचं. मालागाला आखातातून किंवा युरोपातल्या मोठ्या विमानतळांवरून विमानं येतात, तिथून गाडीने पांपानेइरा साधारण दोन तास. माद्रिदला उतरलात तर ग्रानादापर्यंत हायस्पीड रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या आसपास, आणि ग्रानादाहून पुढे ७० किलोमीटर. आम्ही ग्रानादात दोन रात्री काढून गेलो, जेटलॅग तिथंच उतरला, आणि ती घाटाची वाट थकलेल्या डोळ्यांनी चालवायची नाहीच.

ग्रानादाहून दक्षिणेला ए-४४ हायवे, मग लान्हारोनकडे डावं वळण, लान्हारोन ओलांडलं की ओर्हिवाच्या अलीकडे ए-४१३२ चा फाटा वर चढतो. तिथून पुढे वळणं. रस्ता चांगला डांबरी आहे, वरंधा घाट चालवलेल्या माणसाला घाबरण्यासारखं काही नाही, पण गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि दरी कधी कधी आपल्याच बाजूला येते, म्हणून उजेडात पोचा. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, आधी बुक करा. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. मूल १३५ सेंटीमीटरपेक्षा बुटकं असेल तर सीट मागवायची, ती सक्तीची आहे.

गाडी नको असेल तर ग्रानादाच्या बस स्टँडवरून आल्सा कंपनीची बस पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी जाते, दोन अडीच तास लागतात. दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात, संध्याकाळची चुकली तर मुक्काम ग्रानादातच.

सामान बॅकपॅकमध्ये भरा. हे मी पुन्हा सांगते कारण कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. चाकांची बॅग दगडी फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर ओढता येत नाही, उचलावी लागते, आणि गल्ल्यांत गाडी जात नाही. गावाच्या कडेच्या पार्किंगमध्येच गाडी लावायची, गुगल मॅप तुम्हाला आत बोळात घालायला बघेल, जाऊ नका, तिथून रिव्हर्स येणं अशक्य.

वर चढायच्या आधी ओर्हिवात खरेदी

ओर्हिवा हे खालचं बाजाराचं गाव. फाट्यापासून थोडंसं पुढे आहे, पण वाट वाकडी करा. सुपरमार्केट तिथं आहेत, वर फक्त छोटी दुकानं. दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो, शक्य असेल तर तोच दिवस धरा. दुकानं दुपारी दोनला बंद होतात ती पाचला उघडतात, रविवारी बरीचशी बंदच. आम्ही शनिवारी चारला पोचलो होतो आणि एक तास बंद दुकानासमोर बसून काढला.

घरून काय न्यायचं? गोडा मसाला, मेतकूट, हिंग, पोहे, तूरडाळ खुशाल न्या. पण तूप, पेढे, बर्फी, पनीर, कुठलेही दुधाचे किंवा मटणाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे, आणि ताजा कढीपत्ताही नाही. जिरं तिथं मिळतं, कोमिनो म्हणायचं. छोले आणि मसूर सगळीकडे. कोथिंबीर गावात मिळणं कठीण. तिथला बुटका गोल तांदूळ घेतला तर मऊ भात होतो, वरणाबरोबर आईला तो आंबेमोहोरापेक्षा कमी पण कोलमपेक्षा बरा वाटला.

पहिली संध्याकाळ

चावी बहुतेक वेळा मालक देत नाही, गावातलं कुणीतरी घर सांभाळत असतं. आमच्याकडे एक साठीच्या बाई आल्या, त्यांना आम्ही आपसात मावशीच म्हणायला लागलो. भेटायची जागा घर नको, गावातलं चर्च किंवा चौक ठरवा, घर तुम्हाला सापडणार नाही. पासपोर्टची माहिती मागतील, घाबरू नका, डिसेंबर २०२४ पासून पाहुण्यांची माहिती पोलिसांच्या यंत्रणेत भरायचा नियम कडक झालाय. पासपोर्ट दाखवायचा, ठेवून मात्र द्यायचा नाही.

मग लगेच पाय पसरू नका. मावशी किंवा जे कोणी असतील त्यांच्याबरोबर घरभर फिरा आणि पाच गोष्टी हात लावून बघा: विजेचं बटणांचं खोकं, गरम पाण्याची टाकी, गॅस, शेगडी आणि पाण्याचा मुख्य कॉक. भाषा येत नसेल तर फोनवर व्हिडिओ काढा. हा व्हिडिओ आम्हाला पुढे तीनदा उपयोगी पडला.

घर चालवायचं कसं

आधी वीज. स्पेनमध्ये प्रत्येक घराने ठराविक भार घेतलेला असतो, अशा घरांना बऱ्याचदा ३.४५ किंवा ४.६ किलोवॉट. त्यावर गेलात की मीटर सगळं घर बंद करतो. पहिल्या रात्री ओव्हन चालू, खालचा हीटर चालू, पाण्याची टाकी तापतेय आणि आईने चहाला किटली लावली, एका क्षणात मिट्ट काळोख. फ्यूज उडाला नव्हता, भार जास्त झाला होता. उपाय सोपा, आधी एक दोन उपकरणं बंद करा, दाराजवळच्या खोक्यातलं मुख्य बटण खाली करा, काही सेकंद थांबा, परत वर करा. एका वेळी एक मोठं उपकरण एवढा नियम पाळला तर परत होत नाही. आपल्या तीन जाड पिनांचा प्लग तिथं बसत नाही, ॲडॅप्टर न्या, व्होल्टेज २३० च आहे.

गरम पाणी टाकीचं असेल तर चौघांनी एकापाठोपाठ अंघोळ करायची नाही, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. गॅसचा गिझर असेल तर त्या खोलीतली भिंतीवरची जाळी थंडी येते म्हणून कापडाने बंद करू नका, ती हवा जिवासाठी लागते.

गॅस म्हणजे नारिंगी सिलिंडर, १२.५ किलोचा, आपल्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ. रेग्युलेटर वेगळा आहे, स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नका, रिकामा झाला की मावशींना सांगा. आणि भरलेला दुसरा आहे ना ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

आता शेगडी. इथं मी थोडी रेंगाळणार आहे कारण त्या घराचा जीव तिथं आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हौसेने लाकडं रचली, कागद पेटवला आणि दोन मिनिटांत खोली धुराने भरली, लेक खोकायला लागली, सगळी दारं उघडली. धूर तिनाओपर्यंत गेला असणार कारण मावशी आपणहून आल्या. त्यांनी काही न बोलता आधी धुराड्याच्या आत हात घालून एक लोखंडी पट्टी ओढली, त्याला तिरो म्हणतात, ती बंद होती म्हणजे धुराला वर जायला वाटच नव्हती. मग एक वर्तमानपत्राचं पान पिळलं, पेटवलं आणि लाकडांना न लावता नुसतं धुराड्याच्या तोंडाशी वर धरून ठेवलं, ते पूर्ण जळेपर्यंत. आतली थंड हवा जड असते, ती खाली बसलेली असते, आधी ती तापवायची, मग ओढ सुरू होते. हूऽऽ असा आवाज आला, त्यांनी आईकडे बघून मान हलवली आणि आईनेही हलवली, चूल पेटवलेल्या दोन बायकांना भाषेची काय गरज. त्यानंतर बदामाच्या बारीक काटक्या, मग ऑलिव्हचा एक ओंडका. चेस्टनटचं लाकूड तडतडतं, ठिणग्या उडतात, ते उघड्या शेगडीत टाकायचं नाही, आणि समोरची जाळी नेहमी लावायची. झोपायच्या आधी विस्तव पूर्ण विझू द्या. बाहेर, शेतात किंवा रानाच्या कडेला मात्र आग पेटवायची नाही, १ जून ते १५ ऑक्टोबर वणव्याचा धोक्याचा काळ असतो, दंड मोठा आहे आणि धोका त्याहून मोठा.

जमीन फरशीची, गार. त्यावर हारापा असतात, जुन्या कपड्यांच्या चिंध्या मागावर विणून केलेल्या सतरंज्या. आपल्या गोधडीचीच बुद्धी. पांपानेइरात विकतही मिळतात, आम्ही दोन आणल्या.

छतावर जायचं असेल तर विचारून जा. फरशी घातलेली गच्ची असेल तर ठीक, पण लाउनाच्या छतावर चालायचं नाही, खुर्च्या ओढायच्या नाहीत, थर उखडला की गळती सुरू होते. माळवदावर उड्या मारल्या म्हणून आजोबांचा मार खाल्लेल्या लोकांना हे सांगायला नको.

खाणं

जेवणाच्या वेळा: दुपारी दोन ते चार, रात्री नऊनंतर. मूल बरोबर असेल तर रात्रीचं घरीच करा. बाहेर सगळीकडे आल्पुहारा थाळी असते, तळलेला बटाटा, अंडं, रक्ताचं सॉसेज, चोरिसो म्हणजे डुकराचं मसालेदार सॉसेज, हामोन, म्हणजे मांसाहारी माणसाला चंगळ. शाकाहाऱ्याने पापास आ लो पोब्रे मागावं, "गरिबाचे बटाटे", कांदा आणि ढबू मिरचीबरोबर भरपूर ऑलिव्ह तेलात मऊ केलेले, आपल्या काचऱ्याच त्या. इथलं मिगास बऱ्याचदा रव्यासारख्या पिठाचं असतं, मोकळ्या उपम्यासारखं, पण वर डुकराचे तुकडे येतात. "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, पण तेवढ्याने भागत नाही, कारण हामोनला बरेच लोक मांसात धरत नाहीत, म्हणून "सिन कार्ने, सिन हामोन" असं दोन्ही म्हणायचं. सूपचं पाणीही हाडांचं असू शकतं. ग्रानादा जिल्ह्यात ड्रिंकबरोबर छोटी ताटली फुकट येते, बिअर, वाइन घेतली की येतेच, तीही आधी सांगा नाहीतर हामोनच येणार.

पाणी गावातल्या झऱ्यांचं प्या, सगळे पितात, फक्त पिण्यासारखं नसल्याची पाटी नाही ना ते बघून.

दिवस कसे घालवायचे

पहिल्या दिवशी बुबियोनमधलं आल्पुहारा घराचं संग्रहालय बघा. जुनं घर जसंच्या तसं ठेवलंय, चूल, मोरी, धान्याची जागा. ते बघितल्यावर तुम्ही राहताय ते घर कळायला लागतं.

बाकी चालायचं. तिन्ही गावांना जोडणारी जुनी पायवाट आहे, गाव ते गाव अर्धा पाऊण तास. उतरताना पायी, चढताना बस, असं केलं तर आईलाही जमलं. पांढऱ्या पिवळ्या पट्ट्या म्हणजे छोटी वाट, पांढऱ्या लाल म्हणजे लांब पल्ल्याची. वाटेत पाण्याचे पाट लागतात, त्यांना आसेकिया म्हणतात, मुस्लिम काळापासूनचे. काही पाट तर वरच्या बर्फाचं पाणी मुद्दाम उतारावर सोडून देतात, ते मुरतं आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं. पाणी अडवा, पाणी जिरवा, हे आपण भिंतींवर रंगवलेलं वाचलंय, तिथं ते शेकडो वर्षं चालूय. मॉरिस्कोंना हाकललं तेव्हा पाण्याचं तंत्र शिकवायला गावागणिक दोन कुटुंबं मागे ठेवली होती, अशी गोष्ट तिथं सांगतात. लेकीने पाटाच्या कडेने दोन तास पान सोडत सोडत चालून काढले.

दरीच्या पलीकडच्या अंगाला, दीड हजार मीटरच्याही वर, ओ सेल लिंग हे तिबेटी बौद्ध केंद्र आहे, १९८० मध्ये सुरू झालेलं, पताका आणि स्तूप बघून क्षणभर आपण कुठे आहोत कळत नाही. बाहेरच्यांना वेळ ठरलेली असते, आधी बघून जा.

ज्यांना मुलासेनचं शिखर चढायचंय, ३४७९ मीटर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, त्यांनी उन्हाळ्यात कापिलेइराहून नॅशनल पार्कची मिनीबस घ्यावी, ती साधारण २७०० मीटरपर्यंत नेते. जागा आधी राखून ठेवा. आमच्यातला नवरा गेला असता पण ऑक्टोबरच्या शेवटी वर वारा फार होता, नाही गेला, आणि ते बरोबरच होतं. अडचण आली तर सगळीकडे ११२ ला फोन करायचा.

आणि एक दिवस काहीच करू नका. गच्चीत बसा. सकाळी नऊला समोरच्या कड्यावर ऊन येतं, हळूहळू खाली उतरतं, साडेदहाला आपल्या भिंतीवर, आणि तेव्हा ती चुन्याची भिंत इतकी लखलखते की डोळे बारीक करावे लागतात.

निघताना

कचरा दारात ठेवायचा नाही, गावाच्या कडेला मोठे डबे असतात तिथं न्यायचा. पिवळ्यात प्लास्टिक आणि डबे, निळ्यात कागद, हिरव्यात काच. शेगडीतली राख गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, आदल्या रात्री शेगडी पेटवूच नका म्हणजे सकाळी गार राख मिळेल. गॅस बंद, टाकी बंद, खिडक्यांची लाकडी दारं ओढून घ्या. काही फुटलं असेल तर लपवू नका, आमच्याकडून मातीचा एक वाडगा फुटला, मावशींना दाखवला, त्यांनी पैसे घेतले नाहीत. आईने गोड्या मसाल्याची उरलेली पुडी त्यांना दिली, वास घेऊन त्यांनी कोमिनो तेवढं ओळखलं, आणि सत्तेचाळीस पायऱ्या चढून गाडीपर्यंत आल्या तेव्हा त्यांच्या एप्रनच्या खिशात आमच्यासाठी भाजलेले चेस्टनट होते, अजून कोमट.